शेवटचं विमान आत घेईपर्यंत

अंतराळात लढाई करायची असेल तर शत्रूची फिकीर नंतर करा, आधी माझ्या सासऱ्यांची परवानगी घ्या. जगभरच्या सिनेमावाल्यांनी ती घेतली नाही. त्यामुळे त्यांची एकूण एक यानं, सासऱ्यांच्या मते, पहिल्याच दिवशी फाटकात अडकून बसणार आहेत. माझी पहिलीवहिली कादंबरीसुद्धा याच फाटकात अडकली होती, म्हणून मी हे अनुभवानं सांगतो. हा अधिकार त्यांना अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारानं दिला. नोकरीभर त्यांचं एकच काम होतं: कापसाच्या गाड्या एका फाटकानं आत घ्यायच्या, काट्यावर तोलायच्या, रिकाम्या करायच्या आणि दुसऱ्या फाटकानं बाहेर काढायच्या. येणारी आणि जाणारी गाडी समोरासमोर आली तर तो त्यांना स्वतःचा अपमान वाटे. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, नजर तेवढी राहिली, आणि ती नातवंडांनी लावलेल्या अंतराळाच्या सिनेमांवर पडली.

मोठ्या जहाजाचं दार उघडतं, चाळीस लढाऊ विमानं भर्रकन बाहेर पडणार, सगळ्या घराच्या अंगावर काटा आलेला, आणि सासरे नेमका तिथंच रिमोट दाबतात. चित्र थांबतं आणि चौकशी सुरू होते. मागच्या रांगेतलं विमान आधी हवं असेल तर पुढची कोण हलवणार? परत येणारी याच दारानं घुसणार काय? त्यात एखादं मोडकं आलं तर त्याला वेगळी जागा कुठं आहे? आणि दार उघडल्याबरोबर आतली हवा गेली, ती पुन्हा कोण भरणार? "मंधात एक खोली पायजे," ते म्हणतात. "बाहीरचं दार उघडलं त आतलं बंद. दोन्ही दारं एकाच टायमाले उघडणारा माणूस म्या त कामावर नसता ठेवला." एक सिनेमा आम्ही गेल्या दिवाळीपासून पाहतो आहोत. विमानं अजून बाहेर पडायची आहेत.

हे वेड घरातल्या घरात राहिलं असतं तर ठीक होतं. माझ्या मेहुणीच्या साखरपुड्याला गाड्या लावून घ्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. वरपक्षाला नांदगाव पेठेपर्यंत जायचं, म्हणजे ते आधी निघणार, हा हिशेब करून त्यांनी वरपक्षाच्या सगळ्या गाड्या फिरवून, तोंडं रस्त्याकडे करून, अगदी पहिल्या रांगेत उभ्या केल्या. मुलाच्या काकांनी हे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आम्ही आत्ता कुठं पाय ठेवला आणि तुम्ही आमच्या जाण्याची तयारी करून ठेवली? त्यांची समजूत काढता काढता जेवणं दुपारच्या तीनवर गेली. सासरे मात्र आजही सांगतात की त्या दिवशी बावीस गाड्या निघाल्या आणि एकीलाही मागे घ्यावं लागलं नाही.

पुढे त्यांच्या ध्यानात आलं की अंतराळात खाली-वर असा प्रकारच नसतो. मग विमानं फरशीवरच का उभी करायची? भिंती आहेत, छत आहे! त्यांनी सासूबाईंचे बारा कप फळीच्या खालच्या अंगाला आकडे ठोकून टांगले. जागा निम्मी लागली. आठवडाभरात कपही निम्मे झाले. विमान सोडायला इंजिन पेटवायचीही गरज नाही, जहाज स्वतःभोवती फिरत असलं तर नुसता आकडा सोडला की विमान आपोआप बाहेर फेकलं जातं, हे त्यांनी मला गच्चीवर गोफणीत पेरू घालून दाखवलं. तत्त्व बरोबर होतं, सोडायचा क्षण जरा चुकला. पेरू समोरच्या प्राध्यापकांच्या वाळवणात, थेट पापडांवर उतरला. उतरण्याची रीत याहून वेगळी असते, असं सासरे त्यांना समजावून सांगायलाही गेले. ती रीत मला स्कूटर हळू चालवायला लावून, स्वतः शेजारून सायकल हाकत, माझ्या हातात चहाचा कप देऊन सिद्ध करण्यात आली. दोघांची चाल एक असली की दोघंही एकमेकांना उभेच दिसतात. चहा सांडला तो माझ्या चालीमुळे.

आता माझी कादंबरी. मी अमरावतीला शाळेत गणित शिकवतो, आणि चार वर्षं उरलेल्या वेळात ती लिहिली. शेवटी सगळी विमानं परतत असतात, एकाचं इंधन वाटेतच संपतं, शत्रू जवळ येतो आणि कप्तान काळजावर दगड ठेवून दार बंद करतो. लिहिताना मी स्वतः रडलो. पुण्याच्या प्रकाशकांना हा शेवट इतका आवडला की ते म्हणाले, याच शेवटासाठी पुस्तक काढतो. सासऱ्यांनी हस्तलिखित एका बैठकीत वाचलं आणि विचारलं, "जवाईबुवा, तो एक बाहीर काहून ठेवला?"

तिथून दोन महिने रोज फोन. जाळं टाका. दोर फेका. मग एक दिवस म्हणाले, "त्याच्यापाशी तेल नाही, पण जहाजापाशी त हाय ना? जहाजानंच त्याच्या चालीनं जा, अन् घ्या त्याले आत." उपाय बिनतोड होता, आणि माझा शेवट मात्र त्यानं पार उखडला जात होता. मी वैतागून म्हणालो, "मामाजी, कागदावरचा माणूस आहे तो. मेला तर कुणाचं काय जातं?"

त्यावर त्यांनी आवारातली एक जुनी गोष्ट सांगितली. एका हंगामात आवार भरलं होतं, दिवस बुडायला आला होता, आणि तेल्हाऱ्याकडची एक बैलगाडी फाटकाशी आली. सासरे थकले होते. उद्या पहिला नंबर तुझा, असं सांगून त्यांनी फाटक लावलं. रात्रीतून अवकाळी पाऊस झाला. सकाळी तो माणूस तिथंच उभा होता, गाडीतून पाणी निथळत होतं. ओला कापूस जिनिंग घेईना. तो भांडला नाही, त्यानं बैल वळवले आणि गेला. "एक गाडी सरकवली असती त त्याची बसत होती," सासरे म्हणाले. "मले दिसत होतं, जवाईबुवा."

मला माझीच लाज वाटली. मी शेवट बदलला. प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं, शेवट फार मवाळ झाला म्हणून, आणि दोन वर्षांनी ते अमरावतीच्याच एका लहानशा छापखान्यातून निघालं. फारसं कुणी वाचलं नाही. पहिली प्रत घेऊन मी अकोल्याला गेलो. तोवर बारीक अक्षरांपुरती सासऱ्यांची नजर अधू झाली होती, म्हणून शेवटचं प्रकरण मीच वाचून दाखवलं. जहाज मागे फिरतं, त्या विमानाच्या चालीनं चालतं, त्याला आत घेतं, मग दार लागतं. अख्ख्या प्रकरणात त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही.

मी पुस्तक मिटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पाणी यायच्या आधी आला ना तो आत?"

माझ्या त्या अंतराळात पाऊस कुठून पडणार? पण मी म्हणालो, "आला, मामाजी. कोरडा आला."