अठ्ठ्याऐंशी ओम

काकतीचा भरमू बारा वर्षं शिडीवाला होता. बेळगावात वीज आली तेव्हा खांबांचे खड्डे खणायला म्हणून तो आला, खड्ड्यातून शिडीपर्यंत पोचला आणि तिथंच राहिला. शिडी धरायची, वरच्या वायरमनला पक्कड द्यायची, खाली पडलेला स्क्रू शोधायचा. दिवा लागला की घरातली माणसं दिव्याकडं बघत, मग वायरमनकडं. शिडीखाली कोण आहे हे कुणाला बघावंसं वाटत नसे. बायको गुणाबाई म्हणायची, नवरा गावभर उजेड पाडतोय आणि मी इथं कंदिलाची काच पुसतेय.

आता परवाना असल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, असा नियम निघाला होता. परवान्याला परीक्षा होती. त्यात नापास झाला तर भरमू जन्मभर शिडीच धरणार होता. आणि पस्तिशी उलटलेल्या माणसाला जन्मभर म्हणजे किती, हे नीट ठाऊक असतं.

त्यानं शहापुरातल्या उपेंद्र मास्तरांना गाठलं. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवत. रोज संध्याकाळी त्यांच्या घराच्या बाहेरच्या सोप्यात बसून, मराठी चौथीच्या बळावर, भरमू गणितं सोडवू लागला. व्होल्ट म्हणजे विजेचा रेटा, अँपिअर म्हणजे तिची धार. रेट्याला धारेनं गुणलं की वीज किती काम करते ते निघतं, ते वॅट. रेट्याला धारेनं भागलं की तार तिला किती अडवते ते निघतं. भरमूचा जीव जडला तो या भागाकारावर, कारण अडवण्याच्या मापाला मास्तर म्हणत, ओम.

त्याला यात नवल वाटलं नाही. जे दिसत नाही, हाताला लागत नाही आणि तरी तार लाल करून सोडतं, त्याच्या मापाला दुसरं कुठलं नाव शोभणार? वहीत प्रत्येक उत्तरापुढं तो ॐ काढी. मास्तर आकडे तपासत आणि ते चिन्ह म्हणजे असते एखाद्याची श्रद्धा, असं समजून पुढं जात. शाळेतल्या लहानशा बॅटरीवर मापं घेताना भरमू चपला काढून ठेवी, तेही त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

परीक्षा एका कचेरीच्या मागच्या पडवीत होती. धारवाडकडचे एक इन्स्पेक्टर आले होते. टेबलावर विजेची इस्त्री आणि दोन मीटर मांडलेले. इस्त्री किती अडवते आणि किती वीज खाते, एवढंच सांगायचं होतं. फरशी नुकतीच धुतलेली. भरमूनं चपला काढल्या, बाजूला जोडून ठेवल्या आणि पुढं झाला. इन्स्पेक्टरांनी त्याचं मनगटच धरलं.

"मरायला आलास काय?"

"ओम काढायचाय न्हवं सायेब. चपला घालून कसा काढू?"

मागं थांबलेल्यांत हशा पिकला. कुणीतरी विचारलं, नारळ आणलाय का. इन्स्पेक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी वही मागितली, पानं चाळली आणि सांगितलं, की ओम हे एका जर्मन माणसाचं आडनाव आहे, देवाशी त्याचा संबंध नाही. गणितं सगळी बरोबर आहेत. पण ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहणाऱ्याला आपण परवाना देणार नाही. चार वाजता परत ये, चपला घालून ये.

भरमू मास्तरांकडं गेला. झालेलं ऐकून मास्तरांनी कपाळाला हात लावला. इतके महिने वही पाहूनही आपल्याला विचारायचं सुचलं नाही, म्हणाले. त्यांच्या पत्नी कल्याणीबाईंनी भरमूला नेहमीसारखा सोप्यात पाट मांडून जेवायला वाढलं. जर्मन असेल तर असू दे, त्याच्या मनात येत होतं. तार अडवते म्हणूनच तापते, म्हणूनच दिवा लागतो. अडवण्यात एवढं सगळं असेल तर आडनाव कुणाचंही असो, पायांत चपला ठेवून तिथं उभं राहणं काही आपल्याला जमायचं नाही. आणि चपला काढल्या की शिडी ठरलेली.

आंचवून आल्यावर तो पाटाशी थबकला. पाट उचलून त्यानं बोटानं वाजवला.

"मास्तर, ह्येच्यात किती ओम असतील?"

मास्तरांनीही पाटावर टिचकी मारून पाहिली. "कोरडा असेल तर आपल्या वहीत मावायचे नाहीत इतके."

चार वाजता भरमू काखेत पाट मारून पडवीत आला. त्यानं चपला काढल्या, धोतराच्या सोग्यानं तळपाय कोरडे पुसले आणि पाटावर उभा राहिला. आता कुणी हसलं नाही. त्यानं मीटर जोडले, काटे स्थिर होऊ दिले. दोनशे वीस व्होल्ट. अडीच अँपिअर. भागून अठ्ठ्याऐंशी, गुणून साडेपाचशे. उत्तर त्यानं तोंडी सांगितलं आणि मग कागदावर लिहिलं. अठ्ठ्याऐंशीपुढं हात थोडा अडखळला, पण त्यानं ॐ च काढला.

इन्स्पेक्टरांनी पाटाला हात लावून पाहिला. विचारलं, "आणि पाट ओला असेल तर?"

"ओला पाट देवालाबी चालत न्हाय, सायेब."

त्यांनी सही केली.

स्वतःच्या नावावरची पहिली जोडणी भरमूनं मास्तरांच्या घरी केली. दिवा स्वयंपाकघरात हवा होता. वर्षभर सोप्यात जेवलेला भरमू उंबऱ्याशी जरा घुटमळला. कल्याणीबाई म्हणाल्या, दिवा काय बाहेरून फेकणार आहेस? तो आत गेला आणि सोप्यातल्या त्याच पाटावर उभा राहून त्यानं काम केलं. दिवा लागला तशी सगळी आधी वर बघत राहिली, आणि मग त्याच्याकडं.

भरमूनं पाट पुसून सोप्यात नेऊन ठेवायला उचलला. कल्याणीबाईंनी तो त्याच्या हातून घेतला आणि आतच, दिव्याखाली, मास्तरांच्या पाटाशेजारी मांडला.