चुलीत घातलेली वही

कृष्णविवरांचं गणित क्वांटम संगणकावर मांडून बघणं, हे माझं काम. दिवाळीत दिंद्रुडला आत्याच्या कापडदुकानात बसलो होतो. तिनं विचारलं, "त्या विवरात पडलेलं कायमचं जातं का रे?"

"बहुतेक न्हाई. पण सगळं इतकं मिसळतं, की वाचता येत न्हाई. तेच मिसळणं आमी संगणकावर छोट्या प्रमाणात करून बघतो."

"आन् जाळलेल्या कागदाचं?"

"तेही राखेत, धुरात विखरून राहतं."

आत्यानं समोरचं कापड घडी घालून बाजूला ठेवलं. "लग्नाआधी मी कविता लिहायची. इकडं यायच्या आधी वही चुलीत घातली."

"ती वाचणारं यंत्र अजून न्हाई, आत्या."

"नसू दे. दोन मला पाठ हाईत," म्हणाली, आणि लाजत तिनं एक म्हणून दाखवली.