हॉर्न वाजवू नये

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवी कचेरी आली. आम्हाला त्याचा कोण अभिमान! मग तिथं पाटी लागली : शांतता राखा, हॉर्न वाजवू नये. राखा बापडे, आमचं काय जातंय, असं मी म्हणालेही. पण त्या साली दुष्काळ होता, नळ कोरडे होते. पाण्याचा टँकर हॉर्न वाजवायचा तेव्हाच आम्हाला कळायचं. दाराबाहेर माणसं दिसली नाहीत की तो थांबत नसे.

कचेरीवरच्या हवालदारानं टँकरवाल्याला दंड केला. दुसऱ्या दिवशी टँकर मुकाट आला नि मुकाट गेला. मी बाहेर आले तर रस्त्यावर गळत्या तोटीची नुसती ओली रेघ. घरात ताई ओली बाळंतीण, आणि रांजणात तळाला तांब्याभर पाणी.

"आता गं बया!" आई म्हणाली.

त्यानंतरच्या दिवशी मी कॉलेज बुडवलं आणि सकाळपासून उंबऱ्यावर बसले. साधी रिक्षा गेली तरी दचकून उठत होते. आतून ताई सारखी विचारायची, "आलं का गं पाणी?"

"आलं की सांगीन ना! जीव नको खाऊस," मी खेकसले. मला लई वाईट वाटलं, पण उठून आत जायची भीती वाटत होती. तेवढ्यात टँकर निघून गेला तर?

दुपारी उन्हानं सगळ्यांची दारं बंद असताना तो वळणावर दिसला. मी ओरडले. आई पितळी घागर आणि उलथनं घेऊन अनवाणीच धावली आणि घागर बडवत रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. टँकर थांबला. धाडधाड दारं उघडली.

"ओ बाई, बंद करा ते!" हवालदार धावत आला. "पाटी दिसत न्हाई का?"

"दिसती की. घरी बाळंतीण हाय माझ्या. तिला काय पाटी पाजू?"

आमची घागर भरेपर्यंत तो नुसता बघत राहिला. मग टँकरवाल्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "किती उरलंय रे आत?"

"हाय अजून. बोलवा कुणाला बोलवायचं ते."

हवालदारानं इकडंतिकडं पाहिलं, कचेरीमागच्या पोलीस लाइनीकडं तोंड केलं आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली. तिकडून सगळ्यात आधी धावत आली ती त्याचीच बायको, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या घेऊन.