जुळ्यातलं एक
आमच्या मेंढ्या थोड्याच. खोडदच्या शिवारात, रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या ओट्यावरून दिसतात अशा ठिकाणी घर आहे आणि मागे मेंढ्यांचा गोठा. बिबट्यामुळे जाळी वरूनही मारलेली. थंडी पडली की मेंढ्या व्यायला लागतात. मग माझा आणि सासूबाईंचा दिवस तिथेच जातो. अंगाला ओल्या लोकरीचा वास, ओट्यावर वाळत घातलेली पोती, आणि एखादं गारठलेलं कोकरू चुलीपाशी.

गेल्या हिवाळ्यात एका काळतोंड्या मेंढीला जुळं झालं. तिच्या कासेचा एक सड बंद पडलेला. थोरलं पिल्लू पिऊन घ्यायचं, धाकट्याला काही उरायचंच नाही. बाटलीनं पाजून पाहिलं, तरी त्याचं पोट खपाटीला गेलं. त्यातच एका सकाळी तांबूस मेंढी व्याली आणि तिचं कोकरू मेलेलं निघालं. ती त्याला चाटत राहिली. पायानं ढोसून उठवू बघत होती.

सासूबाईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिची कास तटलीय, अन् ते धाकटं उपाशी मरतंय. घाल कातडं."

मेलेल्या कोकराचं कातडं काढून जिवंत कोकराला घालायचं. वासावरून मेंढीला ते आपलंच वाटतं. हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. माझ्याकडे काम आलं ते तांबूस मेंढीला धरून बसायचं. "तिचं तोंड पलीकडं धर," नवरा म्हणाला. मी तिची मान काखेत घट्ट धरली. मागे सुरी चालल्याचा आवाज झाला की ती मान वळवायची आणि मी पुन्हा पलीकडे फिरवायची.

धाकट्याला ते कातडं स्वेटरसारखं घातलं, चारी पाय भोकांतून काढले. मी मेंढीला सोडलं. तिनं शेपटीपाशी हुंगलं, थांबली, पुन्हा हुंगलं. मग व्यालेली मेंढी फक्त आपल्या पिल्लाशी बोलते तसा घशातला बारीक आवाज तिनं काढला. कोकरू कासेला लागलं. नवरा हसला. मला हसू येईना. तिच्याच लेकराच्या कातड्यानं आम्ही तिला फसवलं होतं.

त्याहून वाईट पलीकडच्या कप्प्यात चाललं होतं. काळतोंडी जवळच्या पिल्लाला हुंगायची, त्याच्या मागे बघायची आणि ओरडायची. आधी धाकटं तिला ओ द्यायचं. पुढं त्यानं ओ देणं सोडलं.

"मेंढीला मोजता येत न्हाई," नवरा म्हणाला. "एक हाय ना तिच्यापाशी."

भाकरी थापताना मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, आपण पाप तर नाही ना केलं?"

त्यांनी भाकरी उलटली. "मीबी जुळ्यातलीच. आईला दूध पुरंना. मढ गावच्या मावशीचं तान्हं पोर गेलं व्हतं, तिनं मला नेलं."

इतकी वर्षं या घरात नांदते, हे मला ठाऊक नव्हतं. "मग आई भेटायची?"

"यायची की सणासुदीला. मी तिलाच मावशी म्हणायची."

"तुमाला राग नाही आला?"

"जगले की गं," त्या म्हणाल्या. त्यात राग होता की नव्हता, मला कळलं नाही.

पण ते ऐकल्यावर मला चैन पडेना. वास मारायला लागला म्हणून कातडं काढून टाकलं होतं. धाकटं आता अंगानं भरलं होतं. एका दुपारी नवरा बाजाराला गेला होता आणि सासूबाई कांद्याच्या वावरात. मी कोकराला उचललं आणि काळतोंडीपुढे ठेवलं. वाटलं, ओळखेल. तिनं हुंगलं, मागे सरली आणि अशी टक्कर दिली की ते दगडावर जाऊन आदळलं. इकडे तांबूस मेंढी जाळीला धडका देत होती. मी कोकराला परत तिच्याकडे नेलं, तर तीही त्याला हुंगून बाजूला झाली. त्याच्या अंगाला आता दुसरीचा वास होता, माझ्या हातांचा होता. ते एका पायानं लंगडत तिच्या मागे फिरत होतं.

सासूबाई आल्या. लंगडणारं कोकरू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "माझ्यामुळं झालं, आत्या." त्या रागावल्या नाहीत. तांबूस मेंढीच्या कासेतून हातावर दूध काढून त्यांनी कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळलं. "धर तिला," म्हणाल्या.

मी मान धरून बसले. या वेळी तोंड कोकराकडे. मेंढी पाय झाडत होती. बराच वेळ गेला. बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमची जुळी बहीण कुठं असती?"

"घोडेगावाला. लग्नाकार्यात भेटतो आमी." त्या कोकराचं तोंड सडाला लावत होत्या. "तिला आईची लई आठवण येती. आई अशी करायची, तशी करायची. मी ऐकत बसते."

तेवढ्यात मेंढीनं पाय झाडायचं थांबवलं आणि कोकरू चुटूचुटू प्यायला लागलं.

त्याचा पाय संक्रांतीपर्यंत बरा झाला. आता ते कळपाबरोबर चरायला जातं, तांबूस मेंढीच्या मागे मागे. काळतोंडी शेजारून जाते. तिनं पुन्हा कधी हाक मारली नाही. सकाळी फाटक उघडताना मी तिच्याकडे बघायचं टाळते.