कमरेसाठी अर्धी गोळी

आमच्या दिघोरीत आई रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायांची म्होरकी होती. दुपारची जेवणं झाली की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून ती प्रत्येकीच्या हातावर कमरेसाठी अर्धी पांढरी गोळी ठेवायची. ती गिळली की बाया संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून धान रोवायच्या. शेजारची मावशी म्हणायची, "तुह्या मायच्या गोळीवरच जगून राहिलो आमी." मावशी सगळ्यांत म्हातारी, घरात एकटी. मागे पडणाऱ्या बाईला आई दुसऱ्या दिवशी बोलवत नसे, आणि तिला दुसरं काम कोण देणार होतं?

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून नुकताच वेगळा झाला होता. मी भंडाऱ्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्या डोक्यात हवा गेली होती. प्रॅक्टिकलला दुखण्यावरच्या गोळ्यांतले घटक ओळखायचे होते. मॅडमनी घरून गोळी आणायला सांगितली, मी आईच्या डब्यातली नेली. कुटून स्पिरिटमध्ये टाकली, तर पांढरा गाळ तळाशी तसाच. वरचा द्रव बारीक नळीने सिलिकाच्या पट्टीवर टेकवला, शेजारी अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल आणि कॅफिनचे नमुने. पट्टी द्रावकात उभी करून वाळवली आणि अतिनील दिव्याखाली धरली. तिन्ही नमुन्यांचे काळे ठिपके आपापल्या उंचीवर चढलेले. माझ्या गोळीची जागा कोरी.

मॅडमनी उरलेल्या भुकटीवर अ‍ॅसिडचा थेंब टाकला, ती फसफसली. "अगं, ही कॅल्शियमची गोळी. सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना फुकट देतात ती."

अख्खा वर्ग हसला. आईची अशी चीड आली की रविवारी धुऱ्यावर सगळ्यांसमोर मी ते सांगून टाकलं.

आई शांतपणे म्हणाली, "कमर मोकळी होते न? मंग?"

बाया हसल्या आणि गोळ्या गिळून चिखलाच्या बांधीत उतरल्या. मावशी तेवढी थांबली. "पोरगी शिकलेली आहे, खोटं काहून बोलन?" असं म्हणून तिने गोळी परत केली. मला केवढा अभिमान वाटला!

त्या दुपारी तिची कमर धरली ती धरलीच. रांग पुढे गेली, ती वाकलेलीच मागे. मी धावत जाऊन दुकानातून दुखण्यावरची खरी गोळी आणली. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"हे बी तसलीच असन," म्हणाली आणि धुऱ्यावर ठेवून दिली.

संध्याकाळी आईने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी तिथेच उभी होते.

सोमवारी आईने मला बस पकडू दिली नाही. "एक बाई तू कमी केली. उतर आता तिच्या जागी."

दुपारपर्यंत माझ्या कमरेचे तुकडे पडले. आई गोळ्या वाटत आली. मी निर्लज्जपणे हात पुढे केला.

"तुले काय कामाची?" आई म्हणाली. "तुले तं मालूम आहे."

आणि ती पुढच्या बाईकडे गेली.