साडूंच्या डिकीचं दार

जगात कुठलीच वस्तू बिघडत नाही, तिला फक्त धरणारा माणूस लागतो, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ लातूर जिल्ह्यात आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, यजमान. सगळं निलंगा त्यांना अण्णा म्हणतं, मीही म्हणतो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि चष्म्याला एका बाजूला काडी तर दुसऱ्या बाजूला दोरा. नवी काडी बसवून घ्या असं अक्का नऊ वर्षं सांगत आहेत. "दोरा काय कमी धरायलाय?" एवढंच त्यावर अण्णांचं म्हणणं असतं.

बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. तिथला पंखा बटण दाबून फिरत नाही, त्याला झाऱ्याने ढकलावं लागतं, आणि तो झारा वेगळा टांगलेला असतो. एकदा एका गिऱ्हाइकाला नेमका तोच पसंत पडला. "ह्यो पंख्याचा हाय," असं अण्णांनी सांगितल्यावर तो माणूस मुकाट्याने दुसरा घेऊन गेला. निलंग्यात आता कुणी काही विचारत नाही. गिऱ्हाइकाच्या स्टुलाला पाय तीन. चौथ्या कोपऱ्याखाली अण्णा स्वतःचा पाय लावून बसतात आणि "उठताव का?" असं विचारून, उत्तर आल्यावरच तो काढून घेतात. एका बाबतीत मात्र त्यांचं काम चोख. आहेराचं भांडं घेतलं की मशीनने त्यावर देणाऱ्याचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरल्याशिवाय ते दुकानाबाहेर जाऊ देत नाहीत. नाव नसलेलं भांडं त्यांच्या मते दिलेलंच नसतं.

या सगळ्यावर कडी केली होती त्यांच्या गाडीने. गाडी जुनी, पांढरी, मागचं दार वर उघडणारी. असं दार उघडल्यावर वर तोलून धरायला दोन बाजूंना गॅस भरलेले दोन दांडे असतात, मेकॅनिक लोक त्यांना शॉकर म्हणतात. मी निलंग्याच्या बँकेत बदलून आलो त्याच वर्षी अण्णांच्या शॉकरांतला गॅस गेला, आणि हा योगायोग मला चांगलाच भोवला. दर रविवारी सकाळी फोन येई. "पाव्हणं, काय करायलाव?" मी काय करतोय ते सांगेपर्यंत पुढचं वाक्य आलेलं असे. "या मग, दार धराय."

मग शिरूर अनंतपाळच्या वाटेवरच्या एखाद्या लग्नघरासमोर मी दोन्ही हात वर करून दार धरून उभा राही आणि अण्णा घागरी, पराती, डबे उतरवत. बँकेत मी ज्यांना खुर्चीवरून भेटत असे तीच माणसं मला तिथे नमस्कार करत, आणि मला हात जोडता येत नसत. उन्हात नाकावरून घाम निथळायला लागला की अण्णा हातातली परात खाली ठेवून, खांद्यावरच्या टॉवेलने माझं नाक पुसत. न विचारता, एखादं भांडं पुसावं तसं. पुसून पुन्हा परात उचलत.

एकदा मी शॉकर बदलायचं सुचवलं. "बदलायचे कशाला? गॅस गेलाय तर भरून घेऊ," म्हणत त्यांनी दोन्ही दांडे काढून फ्रिजवाल्याकडे नेले. त्याने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि गॅस घालायला भोकच नाही म्हणून परत दिले. अण्णा आले ते फ्रिजवाल्याच्या अडाणीपणाबद्दल हळहळतच. रिकामे दांडे पुन्हा जागेवर बसवले, कारण त्यांच्यामुळे गाडीला शोभा होती.

सहा वर्षांनी माझी बदली नांदेडला झाली. "लांब झालं," एवढंच अण्णा म्हणाले. मी अजून निलंग्यातच होतो, तरी त्या रविवारी फोन आलाच नाही. संध्याकाळी अक्कांनी कळवलं, की ते एकटेच गेले होते आणि दार पाठीत बसलं. जाऊन पाहतो तर अण्णा पालथे पडून शेक घेत होते. "लागलं न्हाई. वजन कळलं," म्हणाले.

मी घाबरलो. दुसऱ्याच दिवशी लातूरहून नवी जोडी आणली. शेवटचं म्हणून मी दार धरलं. अण्णांनी बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने क्लिपा उचकटून जुने दांडे काढले आणि नवे, दुकानदाराने बजावल्याप्रमाणे बारीक टोक खाली ठेवून, टक् करून दाबून बसवले. "सोडा," म्हणाले. माझे हात सुटेनात. "सोडा म्हणलं न्हवं." मी सोडलं. दार आपलं आपण वर राहिलं.

"बरं झालं," अण्णा म्हणाले, "आता कुणाची गरज न्हाई." मला वाईट वाटलं, हे सरळच सांगतो. माझी सहा वर्षांची जागा दोन दांड्यांनी घेतली होती आणि ते दांडे मीच आणून दिले होते.

दोन महिन्यांनी निलंग्याला गेलो. रविवारी सकाळी फोन. "पाव्हणं, आलाव म्हणं. या, दार धराय." दार पुन्हा राहत नव्हतं. मी हात वर करून उभा राहिलो तेव्हा शॉकरचा चकचकीत भाग डोळ्यांसमोर आला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'साडूभाऊंकडून सप्रेम भेट'. दुसऱ्यावर, 'नांदेड बदलीप्रीत्यर्थ'. हा भाग दार उघडता-मिटता काळ्या नळीत आतबाहेर सरकतो, आणि तो गुळगुळीत राहिला तरच आतला गॅस आत राहतो. अण्णांच्या ठिपक्यांनी आतलं रबर खाल्लं होतं आणि महिन्याभरात दोन्ही दांडे रिकामे झाले होते.

"अण्णा, कोरायचंच होतं तर वरच्या काळ्या भागावर कोरायचं."

"काळ्यावर उठत न्हाई."

"मग कोरायचंच कशाला?"

"आन् कुणी दिलं म्हणून सांगायचं? नाव नगं का तुमचं?"

मी नवी जोडी आणतो म्हणालो. "आणा की. घाई न्हाई," असं म्हणून त्यांनी माझं नाक पुसलं. मी नसतो त्या रविवारी दाराला बांबू लावतात, हे त्यांनी डबे उतरवता उतरवता सांगितलं. बांबू कसा आहे, मी विचारलं.

"धरतंय चांगलं," अण्णा म्हणाले. "पर बोलत न्हाई."

त्यानंतर मी नवी जोडी आणली, ती नांदेडला माझ्या कपाटात आहे. निलंग्याला निघताना ती दर वेळी घ्यायची राहते.