फ्लेक्सवरची सलवार

जिम्नॅस्टिक्सचं राष्ट्रीय सुवर्णपदक घेऊन मी परत आले, तेव्हा निगडीपासून आमच्या गावठाणापर्यंत प्रत्येक खांबावर मीच टांगलेली होते. बीमच्या अरुंद पट्टीवरून उडी घेतानाचा माझा फोटो, खाली ‘आमची लेक, आमचा अभिमान’, आणि शेजारी माझ्या तिप्पट मोठा, गॉगल लावलेला थोरल्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा चेहरा. तात्या ‘भावी नगरसेवक’ होते. फोटोत काहीतरी चुकतंय असं रिक्षातून वाटत राहिलं. मग कळलं. माझ्या उघड्या पायांवर कॉम्प्युटरवर गुलाबी सलवार चढवली होती. पाय हवेत ताणलेले आणि सलवारीला एक सुरकुती नाही.

रिक्षावाला हसला. मी संतापले.

कारण हेच ते तात्या. मी शाळेत होते तेव्हा त्यांनी अंगणात भावकी गोळा करून आईला सुनावलं होतं, "पोरीला असल्या कपड्यात नाचवायची असंल, तर ह्या घरात जागा न्हाई." बाबा मान खाली घालून उभे राहिले. आईनं कासारवाडीत भाड्याची खोली बघितली. बाबांची चाकणला शिफ्ट, त्यामुळे सांगवीच्या क्लासला मला आईच स्कूटीवरून न्यायची. भावकीतल्या हळदीकुंकवाचं आवतण तिला परत कधी आलं नाही. ती काही बोलायची नाही. मी मात्र सगळं लक्षात ठेवलं. बीमवर पाय रोवताना तो तात्यांच्या छाताडावर रोवतेय असं मी मनात धरायचे, आणि तोल कधी गेला नाही.

तात्यांनी ठेवलेल्या सत्काराचं बोलावणं आलं. बाबा म्हणाले, झालं गेलं सोड, आपण जायचंच नाही. मी म्हटलं, जायचंच. पक्षाचे नेते येणार होते, आणि माझ्या पदकावर तात्यांना तिकीट हवं होतं. गावासमोर श्रेय त्यांना मिळणार की आईला, एवढंच त्या दिवशी ठरायचं होतं.

आईला स्टेजवर बोलावलंच नव्हतं. ती मागे बायकांत बसली. तात्या माझ्या कानाशी लागले, की त्यांच्या पाठिंब्यामुळंच मी पुढं आले असं मी माइकवर सांगावं. मी माइकपाशी गेले आणि ट्रॅकसूट उतरवला. आत स्पर्धेचाच पोशाख होता. मागे फ्लेक्सवर सलवारीतली मी, पुढे खरी मी. तात्यांच्या बायको, काकी, लगबगीनं शाल घेऊन मला झाकायला आल्या. त्यांना मी हातानंच थांबवलं.

"मी ह्याच कपड्यात जिंकले," मी म्हणाले. "ह्याच कपड्यांपायी तात्यांनी माझ्या आईला घराबाहेर काढलं. मला घडवलं तिनं. तात्यांनी फक्त सलवार घातली."

आधी बायका हसल्या, मग सगळा मंडप. पुढच्या रांगेतले नेते मोबाइलमध्ये बघायला लागले. तात्यांचा चेहरा असा पडला की मी तो डोळे भरून पाहून घेतला. मन मोठं वगैरे करायला मला जमत नाही. फार बरं वाटलं, आजही वाटतं.

घरी येताना आई गप्प होती. घरातलं चारचौघांत काढलं म्हणून रागावली असेल, अशी माझी समजूत झाली. सिग्नलला तिनं स्कूटी थांबवली आणि मागे न बघताच म्हणाली,

"एवढंच बोललीस व्हय गं? माझं अजून लय बाकी होतं."